विश्लेषण : कोकण किनाऱ्यावरचा हम्पबॅक डॉल्फिन धोक्यात का आला?

तारकर्ली, निवती, दापोलीजवळचे कर्दे-मुरूड किंवा गोव्यात मांडवी नदीचे मुख. थंडीच्या हंगामात या ठिकाणी पर्यटकांना डॉल्फिन दाखवण्यासाठी सकाळपासून होड्या सुटतात. अर्ध्या तासात पाण्यावर करडी पाठ दिसते, मोबाइल बाहेर निघतात आणि होडी परत फिरते. इतक्या सहज दिसणारा हा प्राणी विपुल असावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो जागतिक पातळीवर 'संकटग्रस्त' मानला गेला आहे. तो सहज दिसतो, कारण किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्याबाहेर तो फारसा जातच नाही. तो अडचणीत आला आहे तोही याच कारणाने.

कोकणात दिसणारा हा डॉल्फिन कोणता?

जगात डॉल्फिनच्या सुमारे ४० प्रजाती आहेत. त्यांपैकी अनेक खोल समुद्रात राहतात. महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत पर्यटकांना बहुतेक वेळा दिसतो तो हम्पबॅक, म्हणजे पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन. त्याचे शास्त्रीय नाव सौसा प्लम्बिया. लॅटिनमध्ये 'प्लम्बम' म्हणजे शिसे. या प्राण्याच्या शिशासारख्या करड्या रंगावरून हे नाव आले. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्यासाठी वापरलेला नमुना भारताच्या मलबार किनाऱ्यावरचा होता. म्हणजे या प्रजातीची वैज्ञानिक ओळख आपल्याच पश्चिम किनाऱ्यापासून सुरू होते.

त्याचा वावर दक्षिण आफ्रिकेच्या फॉल्स बे या उपसागरापासून पूर्व आफ्रिकेचा किनारा, मादागास्कर, तांबडा समुद्र, इराणचे आखात, ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आहे. नकाशावर हा विस्तार प्रचंड वाटतो. पण हा विस्तार केवळ लांबीचा आहे, रुंदीचा नाही. हजारो किलोमीटर लांब आणि दोन-तीन किलोमीटर रुंद अशी ही पट्टी आहे. तीही सलग नाही. मध्येमध्ये तुटलेली आहे.

स्वतंत्र प्रजाती म्हणून मान्यता २०१४ मध्ये का?

क्युव्हिए यांनी वेगळे नाव दिले असले, तरी पुढे दीर्घकाळ हिंद महासागरातील आणि चीनच्या किनाऱ्यावरील हम्पबॅक डॉल्फिन एकाच प्रजातीत, सौसा चायनेन्सिसमध्ये मोजले गेले. थॉमस जेफरसन आणि हॉवर्ड रोझेनबॉम यांनी कवटीची रचना, दात, रंग, पाठीचा आकार आणि जनुकीय माहिती एकत्र तपासून २०१४ मध्ये या गटाची फेरमांडणी केली. त्यानुसार सौसा या गटात चार प्रजाती मानल्या जातात. पश्चिम आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची, हिंद महासागराच्या पश्चिम भागातली, आग्नेय आशिया व चीनच्या किनाऱ्यावरची आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरची.

हा बदल केवळ नावापुरता नव्हता. सगळे एकाच प्रजातीत मोजले जात होते, तेव्हा मोझांबिकपासून चीनपर्यंतची संख्या एकत्र धरली जाई आणि एकेका भागातली घट त्यात झाकली जाई. प्रजाती वेगळ्या झाल्यावर प्रत्येकीची स्थिती स्वतंत्रपणे तपासता आली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने, म्हणजे आययूसीएनने, २०१७ मध्ये आपल्या किनाऱ्यावरच्या प्रजातीचे मूल्यमापन केले आणि तिला लाल यादीत 'संकटग्रस्त' या श्रेणीत टाकले. वाघही याच श्रेणीत आहे.

त्याची शरीररचना कशी असते?

पूर्ण वाढलेला हम्पबॅक डॉल्फिन साधारण अडीच मीटरचा असतो. मोठे नर २.८ मीटरपर्यंत वाढतात आणि त्यांचे वजन २५० किलोच्या पुढे जाऊ शकते. अंग भरीव, चोच लांब आणि निमुळती. वरच्या आणि खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला तीसहून अधिक दात असतात. हे दात चावण्यासाठी नसतात, निसटणारा मासा पकडून ठेवण्यासाठी असतात. मासा सहसा आख्खाच गिळला जातो. पुढचे वल्ह्यासारखे पर रुंद आणि टोकाला गोलसर असतात.

सर्वांत ठळक खूण पाठीवर असते. पाठीच्या मध्यावर लांबट उंचवटा, म्हणजेच कुबड, आणि त्या कुबडावर बसवल्यासारखा लहान पर. इतर डॉल्फिनांमध्ये पाठीचा पर थेट पाठीतून वर येतो. येथे आधी कुबड आणि मग पर अशी दोन मजल्यांची रचना दिसते. वय वाढते तसे कुबड ठळक होते आणि प्रौढ नरांमध्ये ते अधिक मोठे असते. गंमत म्हणजे 'हम्पबॅक' हे नाव चारही प्रजातींना असले, तरी चिनी आणि ऑस्ट्रेलियन प्रजातींच्या पाठीवर असे कुबड नसते.

रंग वरून गडद करडा किंवा तपकिरी करडा आणि पोटाकडे फिकट असतो. वयस्क प्राण्यांमध्ये पराच्या आणि कुबडाच्या टोकाशी पांढुरके किंवा गुलाबीसर डाग दिसतात. हाँगकाँगचे प्रसिद्ध गुलाबी डॉल्फिन मात्र चिनी प्रजातीचे. आपल्या प्रजातीचे प्रौढ तसे पूर्ण गुलाबी होत नाहीत.

डॉल्फिन हा मासा नाही, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य येथे पुन्हा आठवावे लागते. तो सस्तन प्राणी आहे. त्याचे रक्त उष्ण असते, पिल्लू आईच्या पोटातून जन्मते आणि तिचे दूध पिते. त्याला कल्ले नसतात, फुप्फुसे असतात. डोक्यावरच्या नाकपुडीतून हवा घेण्यासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. हम्पबॅक डॉल्फिन साधारण मिनिटभरात एकदा वर येतो. फार तर काही मिनिटे पाण्याखाली राहू शकतो. जाळ्यात अडकल्यावर त्याचा मृत्यू का होतो, याचे उत्तर याच रचनेत आहे.

पाण्यावर पाहून तो ओळखायचा कसा?

आपल्या किनाऱ्यालगत आणखी दोन नातेवाईक दिसू शकतात. एक बॉटलनोज डॉल्फिन. त्याची चोच आखूड आणि जाड, पाठीवरचा पर उंच आणि विळ्यासारखा वळलेला असतो, कुबड नसते. दुसरा फिनलेस पॉर्पॉईज. तो आकाराने बराच लहान, साधारण दीड मीटरचा असतो. त्याचे डोके गोल असते, चोच नसते आणि पाठीवर परही नसतो. तो पाण्यावर क्षणभरच येतो, त्यामुळे अनेकदा नजरेतून सुटतो.

हम्पबॅक डॉल्फिनची वर येण्याची पद्धत वेगळी असते. आधी लांब चोच पाण्याबाहेर येते, कधी पूर्ण डोके दिसते. मग पाठ कमानीसारखी वाकते, कुबड आणि पर दिसतात आणि तो खाली जातो. खोल बुडी घ्यायची असेल तर शेवटी शेपूटही वर येते. त्याचा पोहण्याचा वेग बेताचा असतो. मोठ्या जहाजांपुढच्या लाटेवर स्वार होण्याची अनेक डॉल्फिनांची सवय त्याच्यात फारशी दिसत नाही. उलट होड्यांच्या बाबतीत तो बिचकतो. होडी फार जवळ आली की गट फुटतो, बुडी घेतो आणि अनपेक्षित ठिकाणी वर येतो. गट सहसा दहाच्या आत असतो. अरबी द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर मात्र याहून बरेच मोठे गटही नोंदले गेले आहेत.

किनारा सोडून तो खोल समुद्रात का जात नाही?

हा डॉल्फिन सहसा २५ मीटरपेक्षा कमी खोलीच्या पाण्यात राहतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रतळ हळूहळू उतरत जातो, त्यामुळे उथळ पाणी बऱ्याच अंतरापर्यंत मिळते. तरीही त्याचा बहुतेक वावर किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतच असतो. याचे मुख्य कारण त्याचे अन्न. बोय, ढोमा, तारली यांसारखे किनारी आणि खाडीतले मासे तसेच माकूल हा त्याचा आहार. हे जीव नदीचे मुख, खाडी, कांदळवनाचा किनारा, वाळूचे दांडे आणि खडकाळ उथळ भाग येथे गोळा होतात. भरती-ओहोटीबरोबर मासळी खाडीत आत-बाहेर करते आणि डॉल्फिनही त्या वेळा साधतात. म्हणूनच कर्ली नदीच्या मुखाशी, देवबागच्या संगमाजवळ किंवा मांडवीच्या तोंडाशी ते वारंवार दिसतात.

उथळ पाण्यात शिकार करण्यात हे प्राणी किती तरबेज असतात, याचे एक उदाहरण मोझांबिकमधील बझारुटो बेटांजवळ नोंदले गेले आहे. तेथे हम्पबॅक डॉल्फिन माशांचा पाठलाग करत वाळूच्या दांड्यावर स्वतःला अर्धवट झोकून देतात, मासा पकडतात आणि अंग वळवून पुन्हा पाण्यात शिरतात.

खोल पाण्यातल्या डॉल्फिनचे जगणे वेगळे असते. ते शेकड्यांच्या थव्याने मोठे अंतर कापतात आणि मासळीच्या मागे जागा बदलतात. हम्पबॅक डॉल्फिनला ती सोय नाही. त्याच्या आवडीचा मासा किनाऱ्यालगत आहे आणि शिकारीचे कसब उथळ पाण्याचे आहे. एखाद्या खाडीचे मुख बिघडले, तर तो पलीकडच्या खोल समुद्रात जाऊन राहू शकत नाही. किनाऱ्यानेच पुढे सरकावे लागते, आणि पुढच्या खाडीवरही माणसाचा तितकाच भार असतो.

गढूळ पाण्यात तो वाट कशी काढतो?

खाडीच्या मुखाशी पाणी बहुधा गढूळ असते, पावसाळ्यात तर हातभर अंतरावरचेही दिसत नाही. अशा पाण्यात डोळ्यांचा उपयोग मर्यादित असतो. डॉल्फिन त्याऐवजी आवाजाने 'पाहतो'. नाकपुडीखालच्या हवेच्या मार्गात तो अतिशय सूक्ष्म, वेगवान 'क्लिक' आवाज तयार करतो. कपाळातील चरबीचा गोळा भिंगासारखा काम करून हे आवाज पुढे एकवटतो. समोरच्या वस्तूवर आपटून परतलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील चरबीतून अंतर्कर्णापर्यंत पोहोचतो. त्यावरून मासा किती दूर आहे, केवढा आहे आणि कोणत्या दिशेला चालला आहे, हे त्याला समजते. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक असतो. त्यामुळे ही पद्धत पाण्यात फारच प्रभावी ठरते. एकमेकांना हाक देण्यासाठी तो शीळेसारखे आवाजही काढतो.

या क्षमतेला दोन मर्यादा आहेत. एक, पाण्यातला गोंगाट वाढला की प्रतिध्वनी आणि हाका दोन्ही बुडून जातात. दोन, बारीक नायलॉनच्या धाग्यावरून मिळणारा प्रतिध्वनी फार क्षीण असतो. माशामागे लागलेल्या डॉल्फिनला समोरचे जाळे वेळेत जाणवत नाही.

त्याची संख्या वाढायला इतका वेळ का लागतो?

मादी साधारण दहाव्या वर्षी प्रजननक्षम होते, नराला त्याहून थोडा अधिक काळ लागतो. गर्भकाळ दहा ते बारा महिन्यांचा असतो आणि एका वेळी एकच पिल्लू होते. जन्मतः पिल्लाची लांबी सुमारे एक मीटर असते. ते दीर्घकाळ आईसोबत राहते, शिकार शिकते. दोन बाळंतपणांत साधारण तीन वर्षांचे अंतर पडते. आयुष्यमान चाळीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक असू शकते.

याचा अर्थ एका साध्या हिशेबाने समजून घेता येईल. समजा, एका भागात १०० डॉल्फिन आहेत आणि त्यांत प्रजननक्षम माद्या २५ आहेत. प्रत्येकीला तीन वर्षांतून एक पिल्लू झाले, तर वर्षाला आठ जन्म होतील. त्यातली काही पिल्ले पहिल्या वर्षातच दगावतात. वय झालेले प्राणी नैसर्गिकरीत्या मरतात. त्यावर वर्षाकाठी जाळ्यात तीन-चार प्राणी मेले, तरी वाढ थांबते आणि घसरण सुरू होते. त्यातही प्रौढ माद्या गेल्या तर नुकसान कित्येक वर्षांचे असते. तारली एका मोसमात हजारो अंडी घालून संख्या भरून काढते. डॉल्फिनला ते शक्य नाही.

किती डॉल्फिन शिल्लक आहेत?

आययूसीएनच्या मूल्यमापनात एका पिढीचा काळ सुमारे २५ वर्षे धरण्यात आला. तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या काळात या प्रजातीची संख्या किमान निम्म्याने घटेल, असा अंदाज त्यात आहे. ज्या ज्या ठिकाणी नीट अभ्यास झाला, तेथे स्थानिक समूह लहानच निघाले. संपूर्ण दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ५०० पेक्षा कमी प्राणी असल्याचे तेथील संशोधक सांगतात. अबू धाबीच्या किनाऱ्यालगत सुमारे ७०० प्राण्यांचा अंदाज निघाला तेव्हा तो जगातील सर्वांत मोठा ज्ञात समूह ठरला.

भारतात गुजरात वन विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या किनाऱ्यावर ६८० डॉल्फिन असल्याचे जाहीर केले. त्यांपैकी ४९८ ओखा ते नवलखी या भागात, १६८ कच्छच्या आखाताच्या उत्तर भागात, १० भावनगर आणि ४ मोरबी परिसरात नोंदले गेले. सिंधुदुर्गात गेल्या दशकात 'कोकण सिटेशियन रिसर्च टीम' या संशोधक गटाने होडीतून पाहणी करून आणि मच्छीमारांच्या मुलाखती घेऊन हम्पबॅक डॉल्फिन व फिनलेस पॉर्पॉईजचा अभ्यास केला.

तुलनेसाठी नदीतल्या डॉल्फिनकडे पाहता येईल. गंगेतील डॉल्फिन हा २००९ पासून भारताचा राष्ट्रीय जलचर आहे. आठ राज्यांतील २८ नद्यांमध्ये साडेआठ हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून नदीतल्या डॉल्फिनची मोजणी झाली आणि मार्च २०२५ मध्ये ६,३२७ हा आकडा जाहीर झाला. पश्चिम किनाऱ्यासाठी गुजरात ते केरळ अशी एकसंध मोजणी अजून व्हायची आहे.

अशा मोजणीसाठी प्राण्याला पकडावे लागत नाही. पाठीवरच्या परावरील खाचा, ओरखडे आणि डाग प्रत्येक प्राण्यात वेगळे असतात. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे. वर्षानुवर्षे छायाचित्रे काढून ती जुळवली की कोणता प्राणी कुठे राहतो, किती फिरतो आणि एकूण संख्या किती, याचा अंदाज बांधता येतो.

सर्वांत मोठा धोका कोणता?

गिलनेट, म्हणजे पाण्यात पडद्यासारखे उभे सोडलेले बारीक नायलॉनचे जाळे. डॉल्फिन पकडणे हा कोणाचाही हेतू नसतो. पण ज्या बोय-तारलीसाठी मच्छीमार जाळे सोडतो, त्यांच्याच मागे डॉल्फिनही असतो. जाळ्यात शेपूट किंवा चोच अडकली की तो धडपडतो, आणखी गुंततो आणि श्वासासाठी वर येऊ न शकल्याने गुदमरून मरतो. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल किनाऱ्यावर पोहणाऱ्यांना शार्कपासून वाचवण्यासाठी लावलेल्या जाळ्यांनीही अनेक हम्पबॅक डॉल्फिनांचा बळी घेतला आहे.

किनारी पट्ट्यात अडकलेल्या प्रजातीचे गिलनेटमुळे काय होऊ शकते, याचे जगासमोरचे उदाहरण मेक्सिकोतील वाकिटा. कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या एका कोपऱ्यात राहणारा हा छोटा पॉर्पॉईज आज दहाच्या आसपास उरला आहे. त्याची शिकार कोणी केली नाही. दुसऱ्या माशांसाठी लावलेल्या गिलनेटमध्ये तो संपत गेला. आपल्या डॉल्फिनची स्थिती अजून तशी नाही. पण धोक्याचे स्वरूप तेच आहे.

मच्छीमारांची बाजू काय आहे?

मच्छीमारांच्या दृष्टीने डॉल्फिन हा वाटेकरी आहे. जाळ्यातला मासा तो ओढून नेतो, जाळे फाडतो. सिंधुदुर्गातील मच्छीमारांच्या मुलाखतींवर आधारित, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही जाळ्यांच्या नुकसानीची तक्रार पुढे आली. नवे जाळे घेणे छोट्या होडीवाल्याला परवडणारे नसते. शिवाय ट्रॉलर आणि पर्ससीन नौकांच्या स्पर्धेत किनाऱ्यालगतची मासळी आधीच घटली आहे. उरलेल्या मासळीवर पारंपरिक मच्छीमार आणि डॉल्फिन दोघांचीही भिस्त आहे. भांडण त्या दोघांत दिसते, पण कमतरतेचे मूळ दुसरीकडे आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत एक वेगळे पाऊल उचलले. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून जिवंत सोडल्यास मच्छीमाराला कमाल २५ हजार रुपये भरपाई देण्याची योजना डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ती राबवतात. समुद्री कासवे, व्हेल शार्क, डॉल्फिन अशा प्राण्यांना सोडणाऱ्या मच्छीमारांना तिचा लाभ मिळाला आहे. डॉल्फिनच्या बाबतीत मात्र वेळ महत्त्वाची ठरते. कासव जाळ्यात काही काळ तग धरू शकते, डॉल्फिनजवळ काही मिनिटेच असतात. त्यामुळे जाळे पाण्यात सोडून निघून न जाता त्यावर लक्ष ठेवणे आणि डॉल्फिनच्या वावराच्या ठिकाणी, विशेषतः खाडीच्या मुखाशी, जाळे न लावणे हे उपाय भरपाईइतकेच गरजेचे आहेत. ते ठरवताना मच्छीमार सोसायट्यांना बाहेर ठेवून चालणार नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या भरतीला, कोणत्या नस्तात डॉल्फिन येतो हे सर्वांत चांगले त्यांनाच ठाऊक असते.

बंदरे, सांडपाणी आणि होड्यांचा काय परिणाम?

किनाऱ्यालगतचा हा पट्टा बंदरे, भराव, पूल, गाळ उपसा आणि जलवाहतूक यांनाही हवा असतो. मुंबईचा सागरी किनारा मार्ग याच पट्ट्यात झाला. डहाणूजवळच्या वाढवण येथील नियोजित बंदरासाठी जागा निवडताना किनाऱ्याजवळ मिळणारी सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली हा महत्त्वाचा मुद्दा होता. डॉल्फिनलाही हीच खोली लागते. खांब ठोकताना आणि गाळ उपसताना होणारा आवाज पाण्यात दूरवर जातो. अशा प्रकल्पांच्या पर्यावरणीय अहवालांत माशांचा आणि कांदळवनांचा विचार होतो, तसाच पाण्याखालच्या आवाजाचा आणि डॉल्फिनच्या वावराचाही व्हायला हवा.

मुंबईत वरळी आणि वांद्रे येथून सांडपाणी तीन किलोमीटरहून अधिक आत नेऊन समुद्रात सोडले जाते. ते जिथे बाहेर पडते, तो भागही डॉल्फिनच्या पट्ट्याच्या काठावरचाच. कीटकनाशके आणि औद्योगिक रसायने आधी माशांत आणि मग डॉल्फिनच्या चरबीत साठत जातात. मादीच्या शरीरातील हा साठा दुधावाटे पिल्लाकडे जातो आणि सर्वाधिक मात्रा पहिल्या पिल्लाच्या वाट्याला येते.

पर्यटनाचा धोका तुलनेने लहान, पण टाळता येण्याजोगा आहे. पाच-सहा होड्यांनी एका गटाला घेरले की डॉल्फिनची शिकार थांबते, आई आणि पिल्लू वेगळे होऊ शकतात, पंख्याची जखम होऊ शकते. ऑस्ट्रेलियात होडीने डॉल्फिनपासून किमान ५० मीटर दूर राहावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. आपल्याकडेही होडीवाल्याने वेग कमी ठेवणे, गटाच्या समोरून आडवे न जाणे, एका वेळी एक-दोनच होड्या थांबणे आणि खाऊ न टाकणे एवढे पाळले, तरी बराच फरक पडेल. पर्यटकांनी 'अजून जवळ घ्या' असा आग्रह धरला नाही, तर होडीवाल्यालाही हे सोपे जाईल.

कायद्याचे संरक्षण पुरेसे आहे का?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या डॉल्फिनला सर्वोच्च संरक्षण आहे. त्याची शिकार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालणाऱ्या 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टातही तो आहे. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२० रोजी जाहीर केलेल्या 'प्रोजेक्ट डॉल्फिन'मध्ये नदीबरोबरच समुद्रातील डॉल्फिनचाही समावेश आहे. मालवण येथे १९८७ पासून सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य आहे. पण किनाऱ्याने लांबवर फिरणाऱ्या प्राण्याला एवढे क्षेत्र अपुरे पडते. शिवाय शिकारीविरुद्धचा कायदा अपघाताने जाळ्यात होणारा मृत्यू रोखू शकत नाही.

आता व्यापाराचाही दबाव येतो आहे. अमेरिकेने आपल्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखाली आयातीची अट घातली आहे. ज्या मासेमारीत डॉल्फिन-देवमासे प्रमाणाबाहेर मरतात, तिथली मासळी घ्यायची नाही. ही अट अनेकदा लांबणीवर पडून १ जानेवारी २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. भारताच्या मासळी निर्यातीसाठी अमेरिका ही मोठी बाजारपेठ आहे. त्यामुळे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सागरी सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. डॉल्फिनची मोजणी हा आता केवळ वन्यजीवप्रेमींचा विषय राहिलेला नाही.

किनाऱ्यावर डॉल्फिन आढळल्यास काय करावे?

पावसाळ्यात पश्चिमेचे वारे आणि लाटा यांमुळे मृत किंवा जखमी डॉल्फिन कोकण किनाऱ्यावर लागतात. केंद्र सरकारने अशा प्रसंगांसाठी जानेवारी २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. प्राणी जिवंत असेल तर त्याला शेपटीने ओढू नये. पोटावर, सरळ ठेवावे. डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. ओल्या कापडाने अंग झाकावे, सावली करावी, गर्दी हटवावी. घाईने पुन्हा पाण्यात ढकलू नये. जखमी प्राणी तिथेच बुडू शकतो. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा जवळच्या वन कार्यालयात तातडीने कळवावे.

प्राणी मृत असेल तरी कळवणे तितकेच महत्त्वाचे आहे. कळवण्याआधी पुरून टाकलेल्या प्रत्येक डॉल्फिनबरोबर माहितीही पुरली जाते. अंगावर जाळ्याचे व्रण आहेत का, वय किती, मादी होती का, पोटात कोणता मासा आणि चरबीत कोणती रसायने होती, हे त्याच्या शवविच्छेदनातूनच समजते. खाडीच्या कोणत्या मुखाशी कोणत्या महिन्यात जाळी लावू नयेत, हे ठरवण्यासाठी हीच माहिती लागणार आहे.